प्रकाशासाठी गुळगुळीत वाट

गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत? या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. बैलगाडीच्या चाकाला जो रस्ता सपाट वाटतो, तो सायकलच्या चाकाला हादरे देतो. सायकलला जो उत्तम वाटतो, त्यावरून गोटी सरळ घरंगळत नाही. तेव्हा गुळगुळीतपणा ठरतो तो, त्यावरून ज्याला जायचे आहे त्याच्या मापाने. मग एखाद्या वाटेवरून प्रकाशालाच जायचे असेल, तर ती वाट किती गुळगुळीत हवी? आणि ती तशी करायची तरी कशी? आज आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रकाशाच्या वाटा

पाण्यातून किंवा काचेतून हवेत येणारा प्रकाश सीमेवर वाकतो. याला वक्रीभवन म्हणतात; आताच्या पाठ्यपुस्तकांत त्यालाच अपवर्तन असा शब्द आहे. तिरकेपणा एका मर्यादेपलीकडे गेला की मात्र प्रकाश बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन होय. अधिक अपवर्तनांकाच्या पदार्थाची पट्टी कमी अपवर्तनांकाच्या पदार्थात गाडून ठेवली, तर तिच्या एका टोकातून शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत आपटत दुसऱ्या टोकाला पोचतो. अशा पट्टीला वेव्हगाइड किंवा तरंगमार्गदर्शक म्हणतात. आपण तिला सोयीसाठी ‘प्रकाशवाहिनी’ म्हणू.

काचेचा प्रकाशतंतू ही अशीच एक वाहिनी. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे स्टुअर्ट मिलर यांनी अशी कल्पना मांडली की, जसे अनेक ट्रान्झिस्टर एका लहानशा तुकड्यावर बसवता येतात, तसेच प्रकाशाच्या वाहिन्या, वळणे आणि फाटेही एका तुकड्यावर कोरता येतील. आज ही कल्पना प्रत्यक्षात आली आहे. संगणकांच्या मोठमोठ्या केंद्रांमध्ये एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माहिती नेण्यासाठी अशा चिपा वापरल्या जातात.

यासाठी सिलिकॉन हा अर्धसंवाहक फार उपयोगी पडतो. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यातून आरपार जात नाही, म्हणून सिलिकॉनची चकती करड्या आरशासारखी दिसते. परंतु १.१ मायक्रोमीटरहून अधिक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला तो काचेसारखा पारदर्शक असतो. दूरसंचारासाठी १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. त्याच्यासाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ आहे, तर सभोवतीच्या सिलिकॉन डाय-ऑक्साइडचा केवळ १.४४. हा फरक एवढा मोठा असल्यामुळे सिलिकॉनची वाहिनी फारच बारीक चालते. नेहमीच्या वाहिनीची रुंदी ४५० ते ५०० नॅनोमीटर आणि उंची २२० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत अशा शंभराहून अधिक वाहिन्या शेजारी शेजारी मावतील!

पंधरा किलोमीटर आणि दीड सेंटिमीटर

आता एक तुलना करू. प्रकाशाची घट डेसिबेलमध्ये मोजतात. दर ३ डेसिबेलला प्रकाश निम्मा होतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. उत्तम प्रकाशतंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल घट होते, म्हणजे प्रकाश निम्मा व्हायला १५ किलोमीटर जावे लागते. याउलट सिलिकॉनच्या नेहमीच्या वाहिनीत दर सेंटिमीटरला सुमारे २ डेसिबेल घट होते. तेथे प्रकाश अवघ्या दीड सेंटिमीटरवर निम्मा होतो. दोहोंत दहा लाख पटींचा फरक!

हा प्रकाश जातो कोठे? शुद्ध सिलिकॉन तर या तरंगलांबीचा प्रकाश फारच थोडा शोषून घेतो. खरा दोष आहे भिंतींचा. वाहिनी कोरताना तिच्या भिंतींवर एक-दोन नॅनोमीटरचे उंचवटे आणि खळगे राहून जातात, आणि त्यांच्यावर आपटून प्रकाश इतस्ततः विखुरतो.

येथे एखादा चौकस विद्यार्थी शंका काढील. प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, सिलिकॉनच्या आत ती आखूड होऊन ४४५ नॅनोमीटरच्या आसपास येते. तिच्यापुढे दोन नॅनोमीटरचा उंचवटा म्हणजे काहीच नाही. घरातल्या आरशाची काच याहून फारशी गुळगुळीत नसते. तरी त्यात आपला चेहरा स्वच्छ दिसतो. मग वाहिनीचेच एवढे काय?

या शंकेचे उत्तर मोजणीत आहे. आरशावर प्रकाश एकदाच आपटतो. वाहिनीत मात्र तो भिंतींवर पुनःपुन्हा आपटत जातो. दर अर्ध्या मायक्रोमीटरला एक टक्कर होते असे ढोबळ मानाने धरले, तर एका सेंटिमीटरच्या प्रवासात वीस हजार टकरा होतात. आता गणित करू. प्रत्येक टकरीत प्रकाशाचा फक्त दहा हजारावा भाग वाया गेला असे समजा. एका टकरीपुरते पाहिले तर हे नुकसान अगदी नगण्य. परंतु वीस हजार टकरांनंतर ०.९९९९ या संख्येचा वीस हजारावा घात उरतो, म्हणजे सुमारे ०.१३५. शंभरातला साडेशहाऐंशी भाग प्रकाश वाटेतच गेला! नुकसान दर टकरीला दहा लाखावा भाग एवढे खाली आणले, तर मात्र शंभरातला ९८ भाग सुखरूप पोचतो. वास्तविक एवढ्या अरुंद वाहिनीत प्रकाश चेंडूसारखा न उसळता एखाद्या लांबट लाटेसारखा सरकतो, तेव्हा टकरांचे हे चित्र ढोबळच आहे. पण त्यातले तत्त्व खरे आहे: थेंबाथेंबाने होणारी गळती लांबच्या वाटेवर भारी पडते.

वर्गाचा नियम आणि ओली काच

भिंतींच्या दोषांमुळे किती प्रकाश गळेल याचे गणित बेल प्रयोगशाळेतीलच डीट्रिश मार्कुझ यांनी १९६९ साली मांडले. त्यातल्या दोन गोष्टी आपल्याला सहज समजण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी. विखुरणाऱ्या लाटेची उंची खडबडीतपणाच्या प्रमाणात असते. आणि लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून खडबडीतपणा निम्मा केला, तर गळती निम्मी न होता चौथाई होते. तो दशांशावर आणला, तर गळती शतांशावर येते. पृष्ठभाग घासण्यात घातलेले कष्ट येथे दामदुपटीने वसूल होतात.

दुसरी गोष्ट समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी दुधी काच घ्या. तिची खरखरीत बाजू बोटाने ओली करा. ओल्या जागेतून पलीकडचे बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागेल. काचेवरचे ओरखडे तर होते तेथेच आहेत! बदलला आहे तो दोन पदार्थांमधला फरक. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि हवेचा १. पाणी लावताच हवेच्या जागी १.३३ अपवर्तनांकाचा पदार्थ आला, फरक कमी झाला आणि विखुरणे घटले.

प्रकाशतंतू एवढा सरस का, तेही यावरून कळते. त्याच्या गाभ्याच्या आणि वेष्टनाच्या अपवर्तनांकांत एक टक्काही फरक नसतो. शिवाय तो मऊ झालेल्या काचेतून ओढून काढतात, त्यामुळे त्यावर कोरल्याच्या खुणा नसतात. मग चिपेवरही फरक कमीच का ठेवू नये? कारण फरक कमी असला की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. प्रकाशतंतूला लहान वळण सोसत नाही. सिलिकॉनची वाहिनी मात्र काही मायक्रोमीटरच्या त्रिज्येत वळवता येते, म्हणून तर नखाएवढ्या तुकड्यावर सगळे मावते. थोडक्यात, लहान जागेत मावायचे असेल तर भिंती गुळगुळीत करण्यावाचून गत्यंतर नाही.

पॉलिश म्हणजे नेमके काय?

घराच्या मोझॅक फरशीला पॉलिश करताना तुम्ही पाहिले असेल. आधी जाड कणांचा दगड, मग बारीक, मग आणखी बारीक अशी घासाई होते. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे घालवतो आणि आपले स्वतःचे, थोडे लहान, ओरखडे मागे ठेवतो. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या पॉलिशविषयी असेच म्हटले आहे. वाळू आणि पुडी घासून काच परिपूर्ण सपाट होत नाही, तर तिच्यावरचे ओरखडे इतके बारीक होतात की ते डोळ्यांना दिसेनासे होतात, असा त्याचा आशय. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड रॅले यांनी या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास केला. दळणे आणि पॉलिश करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, असे त्यांना आढळले. दळताना कपचे उडतात. पॉलिशमध्ये पदार्थ जवळजवळ रेणूरेणूने निघून जातो.

सिलिकॉनची चकती तयार करताना या दोन्ही क्रिया ओळीने कराव्या लागतात. चोक्राल्स्की यांच्या पद्धतीने वितळलेल्या सिलिकॉनमधून एकसंध स्फटिकाचा दंडगोल वर ओढून काढतात. हिऱ्याची पूड बसवलेल्या तारेने त्याच्या चकत्या कापतात. आज मोठ्या कारखान्यांत वापरली जाणारी चकती ३०० मिलिमीटर व्यासाची आणि पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड असते. कापल्यामुळे आणि घासल्यामुळे तिच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडे गेलेला एक थर तयार होतो. तो आम्लात किंवा अल्कलीत विरघळवून काढतात. आणि मग येते खरे पॉलिश.

नुसत्या कठीण पुडीने घासले, तर ओरखडे आणि तडे काही संपत नाहीत. नुसत्या अल्कलीत बुडवले, तर ती उंचवटे आणि खळगे दोन्ही खाते, त्यामुळे पृष्ठभाग सपाट होत नाही. या पेचातून वाट काढली ती दोन्हींना एकत्र आणून. १९६५ साली मोन्सँटो कंपनीच्या रॉबर्ट वॉल्श आणि आर्नो हर्झोग यांना यासंबंधीचे पेटंट मिळाले. सिलिकाचे काही दशक नॅनोमीटर आकाराचे कण अल्कलीयुक्त पाण्यात तरंगत ठेवायचे. असे कलिल पॉलियुरेथेनच्या सच्छिद्र गादीवर सोडायचे आणि फिरणाऱ्या गादीवर चकती दाबून धरायची. या रीतीला रासायनिक-यांत्रिक पॉलिश म्हणतात.

या रीतीतली खुबी पाहा. अल्कलीमुळे सिलिकॉनच्या सर्वांत वरच्या अणूंचे बंध सैल होतात आणि पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, मऊ थर तयार होतो. सिलिकाचे कण सिलिकॉनहून कठीण नसतात, त्यामुळे ते मूळ स्फटिकावर ओरखडा काढू शकत नाहीत. पण हा मऊ थर मात्र पुसून नेतात. गादी उंचवट्यांवर अधिक दाबली जाते आणि खळग्यांत कमी. काच घासण्याचा अभ्यास करताना प्रेस्टन यांनी १९२७ साली दाखवून दिले होते की, पदार्थ निघून जाण्याचे प्रमाण दाब आणि वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून उंचवटे आधी झिजतात आणि खळगे वाचतात. रसायन एकटे असते तर त्याला उंच-सखल कळले नसते. गादी एकटी असती तर तिने ओरबाडले असते. दोघे मिळून जे साधतात ते एकट्याला साधत नाही.

अशी चकती किती गुळगुळीत होते? तिचा खडबडीतपणा सुमारे ०.१ नॅनोमीटर असतो. सिलिकॉनच्या दोन शेजारच्या अणूंमधले अंतरच ०.२३५ नॅनोमीटर आहे! ही चकती दहा लाख पटींनी मोठी केली अशी कल्पना करा. तिचा व्यास ३०० किलोमीटर होईल, म्हणजे सरळ रेषेत मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत. त्या अफाट मैदानावर लांबलांब पसरलेले हलके उतार सापडतील, परंतु पायाखालच्या जमिनीचा खरबरीतपणा कागदाच्या जाडीएवढाच असेल. गुळगुळीत आणि सपाट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही यावरून ध्यानात येईल. प्रकाशवाहिनीला दोन्ही हव्या असतात. काही रचनांमध्ये वाहिनीची जाडी एका नॅनोमीटरने बदलली, तरी ती ज्या तरंगलांबीला प्रतिसाद देते तीही एक-दोन नॅनोमीटरने सरकते.

चकतीवरून वाहिनीकडे

चकती गुळगुळीत झाली म्हणजे काम संपले असे नाही. तिच्यावर निरनिराळ्या पदार्थांचे थर चढवतात आणि प्रत्येक थर स्वतःचा खडबडीतपणा घेऊन येतो. याचे एक चांगले उदाहरण सिलिकॉन नायट्राइडचे आहे. हा पदार्थ स्वतः विद्युतरोधक आहे, पण तो सिलिकॉनच्याच चकतीवर आणि त्याच यंत्रांनी बसवता येतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे २ आहे, म्हणजे सिलिकॉनहून कमी. ओल्या काचेचा प्रयोग आठवा: तेवढ्याच खडबडीत भिंतीतून नायट्राइडच्या वाहिनीत कितीतरी कमी प्रकाश विखुरतो.

२०१७ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या मिखाल लिप्सन, अलेक्झांडर गेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्राइडच्या थराचा वरचा पृष्ठभाग रासायनिक-यांत्रिक रीतीने पॉलिश केला. अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली मोजता त्याचा खडबडीतपणा ०.३८ नॅनोमीटरवरून ०.०८ नॅनोमीटरवर आला. हे प्रमाण पावणेपाच पटींचे. वर्गाच्या नियमाप्रमाणे त्या पृष्ठभागावरची गळती बावीस पटींहून अधिक घटायला हवी. बाजूच्या भिंतींसाठी कोरण्याची रीतही त्यांनी सुधारली. या सर्व प्रयत्नांमुळे घट दर मीटरला सुमारे एक डेसिबेल एवढीच राहिली. म्हणजे प्रकाश निम्मा होईपर्यंत सुमारे तीन मीटर जाऊ शकतो! ही वाहिनी कंकणाकृती होती. तिची त्रिज्या केवळ ११५ मायक्रोमीटर असल्याने, तीन मीटर म्हणजे जवळजवळ चार हजार प्रदक्षिणा झाल्या.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. प्रकाश इतक्या फेऱ्या मारू लागला की तो कंकणात साठत जाऊन तीव्र होतो आणि एका रंगाच्या लेसरपासून समान अंतरावरचे अनेक नवे रंग निर्माण होतात. कंगव्याच्या दातांसारखी दिसणारी ही रंगांची पट्टी अचूक मोजमापासाठी आणि एकाच तंतूतून अनेक संदेश पाठवण्यासाठी उपयोगी पडते. त्यासाठी लागणारी शक्ती गळतीवर अवलंबून असते. गळती निम्मी केली तर शक्ती चौथाई पुरते. २०१७ च्या या प्रयोगात नवे रंग उमटायला मिलिवॉटच्या एक-तृतीयांश एवढी शक्ती पुरली. २०१८ साली याच क्षेत्रातील संशोधकांनी असा प्रकाशाचा कंगवा एका छोट्या एएए सेलवर चालवून दाखवला. जेथे मोठे लेसर-यंत्र लागत असे, तेथे खेळण्यातला सेल पुरला. आणि याच्या मुळाशी गुळगुळीत भिंती होत्या.

जेथे गादी पोचत नाही

पण एक अडचण उरतेच. गादी वरच्या पृष्ठभागावर फिरते. बाजूच्या उभ्या भिंतींना ती स्पर्श करू शकत नाही. पडद्याच्या चुण्यांसारख्या उभ्या रेघा तेथेच असतात. त्यासाठी दुसऱ्या युक्त्या कराव्या लागतात.

प्रयोगशाळेत काचेची नळी कापल्यावर तिची धारदार कड बर्नरच्या ज्योतीत धरतात, तेव्हा काच मऊ होते आणि पृष्ठताणामुळे कड आपोआप गोलसर, गुळगुळीत होते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात टोबियास किपेनबर्ग यांच्या गटाने हीच कल्पना वापरली. आधी सिलिकॉन डाय-ऑक्साइडमध्ये चर कोरायचा, तापवून त्याच्या भिंती पृष्ठताणाने गुळगुळीत होऊ द्यायच्या, मग चरात नायट्राइड भरायचे आणि वर आलेले जादा नायट्राइड पॉलिश करून काढून टाकायचे. बिदरच्या कारागिरांनी धातूवर नक्षीचे चर कोरून त्यांत चांदी बसवावी आणि मग सारे घासून एकसपाट करावे, तसाच हा प्रकार. पाश्चात्त्य देशांत या कलेचे नाव दमास्कस शहरावरून पडले आहे आणि या रीतीलाही तेच नाव मिळाले.

सिलिकॉनच्या भिंतींसाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २००१ साली आणखी एक उपाय दाखवला. भिंतींचे ऑक्सिडीकरण होऊ दिले की टोकदार उंचवट्यांना ऑक्सिजन अधिक बाजूंनी भेटतो, त्यामुळे ते आधी खर्ची पडतात आणि उरलेली सिलिकॉनची भिंत सौम्य होते. या उपायाने घट दर सेंटिमीटरला ०.८ डेसिबेलपर्यंत खाली आली.

येथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. गादी, ज्योत आणि ऑक्सिजन या तिन्ही उपायांत उंचवट्याला शोधून काढणारा कोणी नाही. एवढा लहान उंचवटा हाताने टिपून काढणारे हत्यार एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर चालवणे व्यवहार्यही नाही. प्रत्येक ठिकाणी अशी परिस्थिती निर्माण केलेली आहे की, जो वर आला तोच आधी झिजावा. दाब त्याच्यावर अधिक पडावा, पृष्ठताणाने त्यालाच ओढावे किंवा ऑक्सिजनने त्यालाच आधी गाठावे. अणूच्या मापाचे काम हाताने होत नाही. ते निसर्गनियमांकडून करवून घ्यावे लागते. प्रकाशासाठी वाट तयार करणाऱ्यांचे खरे कौशल्य आहे ते यात.